गेलिकचं शिक्षक व्हायचंय: ग्लासगोत शिकावं की हायलँड्समध्ये?

स्कॉटलंडमधल्या माध्यमिक शाळेत गेलिक, म्हणजे तिथली जुनी केल्टिक भाषा, शिकवायची, तर पदवीनंतर वर्षभराचं पीजीडीई (शिक्षक होण्याची पदव्युत्तर पदविका), मग प्रोबेशन आणि शिक्षकांची नोंद ठेवणाऱ्या जनरल टीचिंग कौन्सिलची नोंदणी हे ओघानं आलंच. कुठेही केलं तरी साधारण निम्मं वर्ष शाळांमधल्या सरावात जातं. म्हणून माझ्या मते विद्यापीठाच्या नावापेक्षा गाव कोणतं, हे आधी बघावं.

ग्लासगोच्या बाजूने सांगण्यासारखं पुष्कळ आहे. २००६ साली सुरू झालेली तिथली गेलिक माध्यमाची शाळा बालवाडीपासून माध्यमिकपर्यंत आहे. जोडीदाराची नोकरी टिकते, मराठी माणसं भेटतात. हायलँड्स म्हणजे उत्तरेकडचा डोंगराळ भाग; तिथल्या हायलँड्स अँड आयलंड्स विद्यापीठाचं जाळं मात्र दूरदूर पसरलेलं, बरीचशी व्याख्यानं व्हिडिओवर. स्काय बेटावर पर्यटकांच्या गर्दीत भाड्याचं घर शोधताना मी मेटाकुटीला आलो होतो.

तरी माझा कौल ठरला तो एका त्रासामुळे. मी गेलिक मोठेपणी शिकलो. अर्ज करण्याआधी शहरातल्या एका शाळेत वर्गात बसून बघत असे. तास गेलिकमध्ये रंगायचा, पण घंटा झाली की मुलं दारातच इंग्रजीवर यायची. शिक्षकांच्या खोलीत इंग्रजी, बसमध्ये इंग्रजी. वर्गाबाहेर गेलिक बोलायला कोणी मिळेना आणि माझी वाक्यं दिवसेंदिवस वहीतल्यासारखी व्हायला लागली.

माध्यमिकला हे फार जाणवतं. परीक्षेला नवशिक्यांची गेलिक आणि अस्खलित बोलणाऱ्यांची गेलिक असे दोन वेगळे विषय आहेत. अस्खलित गटातली मुलं प्राथमिकपासून याच माध्यमात वाढलेली. तुमचा चुकलेला प्रत्यय त्यांच्या कानाला लगेच खटकतो. शिवाय शिक्षकांची टंचाई असल्याने इतिहास-भूगोलही गेलिकमधून शिकवायची वेळ येऊ शकते. व्याकरण पुस्तकातून येतं. मुलाला दटावणं, रडणाऱ्याची समजूत काढणं, मैदानावरून हाक मारणं मात्र माणसांत राहूनच येतं.

म्हणून मी पश्चिमेकडे गेलो. तिथेही सगळं आलबेल नाही. २०२२ च्या जनगणनेत पश्चिम बेटांवरसुद्धा गेलिक बोलणारे निम्म्याच्या खाली आले, आणि मुलं आपसात बहुधा इंग्रजीच बोलतात. पण दुकानात, चर्चच्या दारात, पेट्रोल भरताना वडीलधारी माणसं थांबून बोलतात, चुकलं तर सुधारून सांगतात. माझी जीभ तिथेच सुटली.

तुमच्या घरात लहानपणापासून गेलिक असेल, किंवा मुलांची शाळा मध्येच बदलणं अवघड असेल, तर ग्लासगो कदाचित जास्त सोयीचं पडेल. माझ्यासारखं मोठेपणी शिकलेल्यांनी मात्र आधी स्कायचा किंवा पश्चिम बेटांमधल्या लुइसचा विचार करावा, असं मला वाटतं. अर्ज भरण्यापूर्वी सरावासाठी कोणत्या भागातल्या शाळा मिळतात आणि तिथल्या शिक्षकांच्या खोलीत कोणती भाषा चालते, एवढं नक्की विचारून घ्या.