स्वस्त पंप किती लांबपर्यंत परवडतो?

फलकावरचा भाव बघून गाडी वळवण्याआधी एक भागाकार करा. वळशाचे जादा किलोमीटर भागिले गाडीचं ॲव्हरेज. उत्तर येईल तेवढे लिटर त्या स्वस्त पंपापर्यंत जाण्यायेण्यातच जळणार. १५चं ॲव्हरेज देणारी कार आणि एकूण ९ किलोमीटरचा वळसा असेल, तर ०.६ लिटर गेलं. ३० लिटर भरणार असाल तर हे २ टक्के झाले. म्हणजे तिथला भाव २ टक्क्यांनी कमी असेल तेव्हा कुठे बरोबरी होते, फायदा त्याच्या पुढे. त्याच वळशात १० लिटरच भरलंत तर बरोबरीलाच ६ टक्के लागतात. दुचाकीवाल्यांनी तर हा नाद सोडलेलाच बरा. ५०चं ॲव्हरेज, ४ किलोमीटरचा वळसा, ५ लिटर पेट्रोल आणि भावात चक्क ३ टक्क्यांचा फरक धरला, तरी हाती उरतं ७० मिलिलिटर. अर्धा कपसुद्धा नाही.

आता पंपांकडे वळू.

हायवेवरचा पंप सगळ्यात महाग, आणि त्याचं कारण सरळ आहे: तिथे येणाऱ्याला पर्याय नसतो. काटा लाल रेषेवर आला की भाव कोण विचारतो? म्हणून टाकी पाव राहिली की भरायची, ही सवय कुठल्याही सवलतीपेक्षा जास्त वाचवते. निवड करायला ७०-८० किलोमीटरची मुभा हातात राहते. शिवाय गाडीतला इंधनाचा पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडलेला असतो आणि त्याच पेट्रोलने थंड राहतो. टाकी सतत तळाशी ठेवली तर तो तापतो आणि लवकर जातो.

सुपरमार्केटला जोडलेले पंप बहुधा स्वस्त असतात. पेट्रोलवर थोडंच कमवायचं आणि गिऱ्हाईक दुकानात ओढायचं, हा त्यांचा हिशोब. खप दांडगा असल्यामुळे माल ताजा असतो. अडचण रांगेची. इंजिन चालू ठेवून उभी असलेली साधी कार तासाला साधारण अर्धा ते एक लिटर जाळते, म्हणजे पंधरा मिनिटांत पाव लिटरपर्यंत. रांगेत इंजिन बंद करा. कुपनाची सवलत मिळावी म्हणून यादीत नसलेलं सामान उचललं, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. कार्ड घालून स्वतः भरायच्या पंपावर बँक आधी एक ठरावीक रक्कम अडकवते आणि खरं बिल लागल्यावर उरलेली सोडते. खात्यात मोजकेच पैसे असतील तर हे आधी लक्षात घ्या.

अनोळखी नावाच्या पंपाबद्दल लोकांच्या मनात जेवढी भीती आहे तेवढी बाळगायचं कारण नाही. मूळ पेट्रोल बहुतेक वेळा त्याच डेपोतून येतं. फरक पडतो तो नंतर मिसळलेल्या डिटर्जंटमध्ये. व्हॉल्व्हवर काजळी धरू नये म्हणून हे रसायन घालतात. अमेरिकेत काही कारकंपन्यांनी २००४ मध्ये ‘टॉप टिअर’ नावाचा जास्त डिटर्जंटचा निकष आणला. तिथल्या एएए या वाहनचालक संघटनेने २०१६ मध्ये तुलना केली, तेव्हा हा निकष न पाळणाऱ्या पेट्रोलने सुमारे ६,४०० किलोमीटरच्या चाचणीत सरासरी १९ पट जास्त काजळी धरली. गंमत म्हणजे हा निकष पाळणाऱ्यांत स्वस्त विकणारेही आहेत, म्हणून नावाऐवजी निकष बघावा. टाळायचा तो कमी खपाचा, ओस पडलेला पंप. तिथल्या टाकीत माल पडून राहतो आणि पाणी साचण्याचा धोका वाढतो.

भाव दाखवणारी ॲप उपयोगी आहेत, पण माहिती कुठून येते ते आधी बघा. पश्चिम ऑस्ट्रेलियात २००१ पासून ‘फ्युएलवॉच’ चालतं. पंपाला उद्याचा भाव आज कळवावा लागतो आणि सकाळी ६ पासून २४ तास तोच ठेवावा लागतो. जर्मनीत २०१३ पासून भाव बदलला की लगेच सरकारी यंत्रणेला कळवायचं बंधन आहे. अशा माहितीवर चालणाऱ्या ॲपवर डोळे मिटून विसंबावं. वापरणाऱ्यांनी भरलेल्या भावांवर चालणाऱ्या ॲपमध्ये मात्र आकड्याशेजारची वेळ वाचायची. भाव रोज हलत असतील तर कालचा आकडा कुचकामी. फलकावरचा भाव फक्त रोखीचा आहे का, हेही ॲप दर वेळी सांगत नाही.

कच्चं तेल महागलं की पंपावरचा भाव झटकन चढतो, उतरताना मात्र रेंगाळतो. म्हणून भाव चढत असताना टाकी फुल करावी आणि उतरत असताना अर्धीच. सकाळच्या थंडीत भरलं की जास्त मिळतं, हे विसरा. पेट्रोल दर अंशाला जेमतेम ०.१ टक्का फुगतं आणि जमिनीखालच्या टाकीचं तापमान दिवसभरात फारसं हलतच नाही.

स्वस्त पेट्रोलने ॲव्हरेज पडलं का, हे एका टाकीवरून ठरवू नका. नोझल पहिल्यांदा बंद पडेपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुढच्या वेळी त्याच पंपावर, त्याच बाजूला तसंच भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. गाडी जरा तिरकी उभी राहिली तरी लिटरभर इकडेतिकडे होतं, म्हणून निदान चार टाक्यांची सरासरी धरा. टायरची हवा दर वेळी सारखी हवी. इथेनॉलचं प्रमाणही तपासा. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे १० टक्के मिश्रणावर ॲव्हरेज साधारण ३ टक्क्यांनी उतरतं. बिनमिश्रणाचं पेट्रोल ३ टक्क्यांहून कमी फरकाने मिळत असेल तर महाग दिसणारा पंपच स्वस्त ठरतो. जास्त ऑक्टेनचं तसं नाही. ऑक्टेन म्हणजे नॉकिंग, म्हणजे इंजिनात पेट्रोल नको त्या क्षणी पेटून होणारी ठकठक, रोखण्याची ताकद, जादा ऊर्जा नव्हे. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय त्याच्या वरचं घेणं म्हणजे खिशाला भोक.

नोझल आपोआप बंद पडल्यावर ‘अजून थोडं’ कुठल्याच पंपावर म्हणू नये. नळीच्या टोकाशी असलेलं बारीक भोक पेट्रोलने झाकलं गेलं की आतला दाब बदलतो आणि खटका पडतो. त्यानंतर रेटलेलं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरू शकतं. तो डबा भिजला की इंजिनचा दिवा लागतो आणि नवीन बसवताना वर्षभराची बचत एका बिलात जाते.