पवईचा सायकल मार्ग: तलावाच्या काठाने की रस्त्याच्या कडेने?

पवई तलावाभोवती सायकल फिरवायची कल्पना कुणालाही भुरळ घालेल. पाणी, झाडं, मोकळा वारा, आणि गाड्यांची भीती नाही. मुलांना सायकल शिकवायला मुंबईत जागा उरलीय कुठे? तलावाच्या काठाने सायकल मार्ग बांधायच्या महापालिकेच्या योजनेला पाठिंबा देणाऱ्यांचं हे म्हणणं मला पटतं.

पण हा काठ रिकामा नाही. १८९१च्या सुमारास बांधलेल्या या तलावात मगरी आहेत. उन्हाला पडायला आणि अंडी घालायला त्यांना काठाची मऊ जमीनच लागते. मार्गासाठी जाळीत दगड भरून रचलेल्या थरातून पाणी झिरपतं, म्हणून हा भराव नव्हेच, असं पालिका सांगत होती. पाणी झिरपेल हो, पण मगर वर कशी येणार? रहिवासी आणि आयआयटीचे विद्यार्थी हेच विचारत होते. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे काम बेकायदा ठरवलं आणि जागा पूर्ववत करायला सांगितलं.

रस्त्याकडेची मार्गिका दिसायला रुक्ष. धूर, हॉर्न, बसथांब्यापाशी रोजची कोंडी. नुसता रंगाचा पट्टा मारला तर संध्याकाळपर्यंत तिथे गाड्या लागतील. दुकानदारांनाही माल उतरवायला जागा हवीच. तरीही मी हिच्याच बाजूने आहे. तलावाची फेरी मारून माणूस निघाला तिथेच परत येतो. रस्त्याकडेच्या मार्गिकेवरून कांजूरमार्ग स्टेशन गाठता येतं, शाळा गाठता येते. मात्र मध्ये पक्का कठडा हवा, आणि तो चौकातही तुटता कामा नये.