ऑइल फिल्टर: कंपनीचा की स्वस्तातला?

इंजिनचं तेल गाळणारे हे दोन्ही डबे बाहेरून सारखेच, रंगाला भुलू नका. जुना फिल्टर कापला की खरं कळतं. कंपनीच्यात कागदाच्या घड्या दाट, एकसारख्या. स्वस्तातल्यात विरळ, मध्येच चिकटलेल्या. पण खरी मेख आतल्या रबरी झडपेत. गाडी बंद असताना फिल्टरमधलं तेल मागे उतरू न देणं, हे तिचं काम. चांगल्यात बहुधा सिलिकॉनची असते, ती जास्त दिवस मऊ राहते. साधं रबर उष्णतेनं कडक होतं, मग सकाळी स्टार्ट करताना क्षणभर खडखड. नवा घेताना बाहेरच्या बारीक भोकांतून काडीनं झडप हलकेच दाबून बघा.

रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत पातळ रंगाचा डबा गंजतोही लवकर. मी कंपनीचाच घेतो, पण बिलासकट. डुप्लिकेट खोकी इकडेही येतात.