रूटिंग पावडर आणि कोकोपीट : वेलींच्या कटिंग्जचा आठ महिन्यांचा अनुभव

जूनच्या शेवटी, माळव्यात पहिला दमदार पाऊस झाला त्याच आठवड्यात कापलेल्या फांदीला (कटिंगला) मुळं फुटायला मदत करणाऱ्या रूटिंग पावडरची डबी आणि कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट आणली. आता फेब्रुवारी संपत आलाय. निमित्त असं की इंदूरला लोकमान्य नगरमधलं आईचं घर पाडायचं ठरलं होतं. फाटकावरची मधुमालती, अंगणातली जाई आणि कंपाउंडच्या दोन बोगनवेली त्याबरोबर जाणार होत्या. नर्सरीत दुसऱ्या मिळाल्या असत्या, पण मला त्याच हव्या होत्या, म्हणून त्यांच्या फांद्या कापून नवी रोपं करायची ठरवली.

आधी पावडरबद्दल. यात आयबीए, म्हणजे इंडोल ब्युटिरिक ॲसिड हे मुळं फुटायला लावणारं संप्रेरक असतं आणि बाकी बहुतेक टाल्क, म्हणजे टाल्कम पावडरीतली भुकटी. घेताना डबीवरचा टक्का वाचा. साधारणपणे कोवळ्या फांदीला ०.१, अर्धवट जून फांदीला ०.३ आणि कडक लाकडी फांदीला ०.८ टक्के चालते. मी ०.३ ची घेतली. ऑनलाइन मागवलेली पहिली डबी ओल लागून गुठळ्या झालेली निघाली आणि विकणाऱ्याने ती परत घेतली नाही, याचा राग अजून आहे. दुसरी दुकानात जाऊन, उघडून बघून आणली. तिला उष्णता आणि दमटपणा सोसत नाही, म्हणून ती फ्रीजच्या दारात ठेवते. ओली फांदी थेट डबीत कधीच बुडवू नका. चिमूटभर पावडर वाटीत काढायची, टोक बुडवायचं आणि टिचकी मारून जास्तीची झाडायची. मी सुरुवातीला जाड थर दिला, तर चार फांद्या बुडाशी काळ्या पडल्या.

खरा धडा बोगनवेलीने दिला. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब बारा फांद्या लावल्या. दहाव्या दिवशी प्रत्येक डोळ्यावर हिरवे ठिपके, तिसऱ्या आठवड्यात छान पानं. मी आनंदाने सगळ्या मोठ्या कुंड्यांत हलवल्या. आठवडाभरात बाराही माना टाकून बसल्या. एक उपटून पाहिली तर बुडाला फक्त पांढरट गाठ होती, मूळ एकही नाही. फांदी स्वतःत साठवलेल्या अन्नावर पानं काढते. त्यामुळे पानं फुटली म्हणजे मुळं फुटली, असं अजिबात नाही.

दुसऱ्या खेपेला ज्यूसचे पारदर्शक ग्लास घेतले, बुडाला भोकं पाडली आणि बाहेरून काळा कागद गुंडाळला. दर रविवारी कागद वर करून बघायचं, फांदीला हात लावायचा नाही. ४३व्या दिवशी काचेसारख्या टोकाचं, शिवणाच्या दोऱ्याएवढं पांढरं मूळ ग्लासला चिकटलेलं दिसलं. मुलीला हाक मारून दाखवलं. या खेपेत पावडर लावलेल्या सहांपैकी पाच जगल्या, न लावलेल्या सहांपैकी दोन. एवढ्यावरून मोठा दावा करत नाही, पण बोगनवेलीसाठी मी पावडर पुन्हा नक्की घेईन. मधुमालतीसाठी मात्र गरज नाही. पावसाळ्यात तिची फांदी नुसती खोचली तरी लागते, शिवाय जुन्या वेलीच्या आसपास मुळांतून फुटवे येतात. आईच्या फाटकापाशी खुरपीने दोन फुटवे मातीसकट उचलले आणि ते लगेच लागले.

मातीचं सांगते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात कटिंग सडतं. कोकोपीट भिजवून, दोनदा धुऊन, पिळून निम्मी जाड वाळू मिसळली. खत अजिबात नाही. ज्या शहरात १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ तयार केली, तिथे राहून खत टाळणं जिवावर येतं. पण खत द्यायचं ते मुळं सुटून रोप कुंडीत गेल्यावर. तोपर्यंत वरून प्लास्टिकची पिशवी सैलसर घालायची म्हणजे आत दमटपणा टिकतो, आणि सावली ठेवायची. डिसेंबरच्या थंडीत लावलेल्या फांद्या तशाच उभ्या राहिल्या, तेव्हा ते महिने सोडूनच द्या.

जाईने मात्र तीनदा दाद दिली नाही. पावडर लावूनही नाही. शेवटी शेजारच्या माळीकाकांनी सांगितलं, "कटिंग सोडा, दाब कलम करा." सप्टेंबरच्या सुरुवातीला तिची लांब फांदी वाकवली, पेराखाली हलकीशी चीर दिली, तेवढाच भाग मातीच्या कुंडीत पुरला आणि वर वीट ठेवली. फांदी मूळ वेलीला जोडलेलीच होती, त्यामुळे तिला उपाशी राहावं लागलं नाही. दिवाळीच्या आधी हळूच ओढून बघितली तर घट्ट धरलेली. मग मधे कापली.

नोव्हेंबरमध्ये घर पाडलं. आई आता माझ्याकडे असते. जाईची कुंडी तिच्या खिडकीखाली ठेवली आहे आणि वेलीला चढायला काल आईनेच सुतळी बांधली.