अंकल सायलस : मृत्युपत्रातल्या एका कलमाची दहशत

जुनं घर, कुलूपबंद दालनं, घराण्याला लागलेला डाग आणि आईविना वाढलेली एकुलती एक वारसदार मुलगी. गॉथिक, म्हणजे गूढ-भयाच्या, कादंबरीला लागणारं सगळं सामान आयरिश लेखक शेरिडन ले फानूच्या ‘अंकल सायलस’मध्ये आहे, भूत तेवढं नाही. 1864 साली आलेल्या या कादंबरीतली खरी दहशत मृत्युपत्रातल्या एका कलमात आहे. ते कलम नीट ध्यानात ठेवून वाचलं तर ही कादंबरी झोप उडवते. त्याकडे दुर्लक्ष केलं तर निम्म्यातच कंटाळा येण्याची शक्यता आहे.

ऑस्टिन रुथिन हा नोल इस्टेटीचा धनी, सत्तरीचा, माणूसघाणा. त्याची मुलगी मॉड सतरा वर्षांची, आणि सगळी कथा तिच्याच तोंडून येते. ऑस्टिनचा धाकटा भाऊ सायलस दूर डर्बीशरमध्ये बार्ट्रम-हॉ नावाच्या घरात राहतो. ते घरही ऑस्टिनच्याच मालकीचं. फार पूर्वी तिथे मुक्कामाला आलेला चार्क नावाचा श्रीमंत जुगारी आतून बंद खोलीत गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला होता. चौकशीत ती आत्महत्या ठरली, पण लोकांच्या नजरेतून सायलस उतरला तो उतरलाच. घराण्याचं नाव धुऊन निघावं, या एकाच ध्यासापोटी ऑस्टिन मृत्युपत्रात लिहून ठेवतो, की मॉड 21 वर्षांची होईपर्यंत सायलस तिचा पालक राहील, ती त्याच्याच घरी राहील, आणि तेवढ्यात ती दगावली तर सगळी मालमत्ता सायलसला मिळेल. मुलगी सुखरूप बाहेर आली म्हणजे भाऊ निर्दोष होता हे जगाला पटेल, असा त्याचा हिशेब.

सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालन कर्ता) म्हणून चुलत्याचं नाव पाहिलेल्या मराठी वाचकाला यातला धोका समजावून सांगावा लागणार नाही. इंग्लंडच्या जुन्या कायद्यालाही तो ठाऊक होता. सॉकेज पद्धतीच्या, म्हणजे लष्करी चाकरीऐवजी ठरलेला खंड किंवा सेवा देऊन धारण केलेल्या, जमिनीत अज्ञानाचा पालक असाच नातलग होऊ शकत असे, ज्याच्याकडे ती जमीन वारशाने जाणार नाही. वारसालाच पालक नेमणं म्हणजे कोकरू लांडग्याच्या हवाली करणं, असं जुने कायदेपंडित लिहून गेले आहेत. पण 1660च्या कायद्याने बापाला मृत्युपत्राद्वारे हवा तो पालक नेमायची मुभा दिली. ले फानूची सगळी कादंबरी या फटीतून आत शिरते. तो स्वतः कायदा शिकलेला होता, हे पानोपानी जाणवतं. मृत्युपत्र वाचून झाल्यावर विश्वस्त डॉक्टर ब्रायर्ली मॉडला हे कलम किती धोक्याचं आहे ते सांगू पाहतो, आणि मॉडला तो माणूसच आवडत नसतो. काळा टोप, अंगावर न बसणारे कपडे, स्वीडनच्या गूढवादी स्वीडनबोर्गच्या पंथाचा अनुयायी. अशा माणसाचं ऐकून सख्ख्या काकावर संशय घ्यायचा? वडिलांचा शब्द मोडायचा? सतरा वर्षांच्या मुलीने घेतलेला सायलसकडे जायचा तो निर्णय वाचताना तळमळ होते, पण खोटा वाटत नाही.

कायद्याचं हेच भान बार्ट्रममधल्या लाकूडतोडीत दिसतं. घर आणि जमीन सायलसच्या ताब्यात आहेत, मालकीची नाहीत. उभी झाडं तोडून विकायचा हक्क त्याला नाही. तरीही तो ओक पाडतो, साल विकतो, रानात कोळसा पाडून घेतो, आणि ब्रायर्ली त्याबद्दल हिशेब विचारायला येतो. रहस्यकथा म्हणून भराभर वाचणाऱ्याला हा भाग कोरडा वाटेल. पण काकाच्या तोंडी बायबलची वचनं असताना त्याचे हात कशात गुंतलेत, हे आपल्याला पहिल्यांदा कळतं ते तोडलेल्या झाडांवरून. पैशाची ओढ किती जीवघेणी आहे हे लेखक सांगत बसत नाही, बुंधे दाखवतो.

सायलसचं पात्र या प्रकारच्या साहित्यातलं फार वरच्या दर्जाचं आहे. संगमरवरी चेहरा, रुपेरी लांब केस, काळा मखमली कोट, आणि त्या पांढुरकेपणात विलक्षण जिवंत डोळे. अफूच्या अर्काने तो तासन्‌तास ग्लानीत पडतो. बोलणं अतिशय सभ्य आणि धार्मिक, आवाज हळुवार. तो नेमका कसा आहे याचा अंदाज मॉडला बांधता येत नाही आणि शेवटपर्यंत आपल्यालाही पुरता बांधता येत नाही. मॉडला घरी शिकवायला ठेवलेली फ्रेंच गव्हर्नेस मादाम द ला रुजिएर त्याच्या अगदी उलट: आडदांड, दारूची आवड असलेली, मोठ्याने हसणारी. ती पहिल्यांदा दिसते तीच चांदण्यात, खिडकीबाहेर, आतल्या मुलीकडे बघत वाकून अभिवादन करताना. असा प्रवेश एकदा वाचला की विसरत नाही.

लेखकाची कारागिरी बघायची तर पहिली काही पानं सावकाश वाचावीत. नोव्हेंबरची रात्र, वाऱ्याने खिडक्या खडखडताहेत, आणि बाप मुलीला ओकच्या कपाटाची किल्ली दाखवतो. आपण घरी नसताना ती कुठे असेल आणि कोणाला सांगायची, हे तिच्याकडून पक्कं करून घेतो. एक पाहुणा आपल्याला न्यायला येणार आहे, त्याच्याबरोबर जावंच लागेल, असंही तो म्हणतो. मॉडला वाटतं बाबा प्रवासाला निघालेत. पाहुणा कोण, हे वाचकाला तिच्या आधी उमगतं. पुढची सगळी कादंबरी याच युक्तीवर चालते: मॉड जे पाहते ते प्रामाणिकपणे सांगते, अर्थ मात्र चुकीचा लावते, आणि आपण तिच्या दोन पावलं पुढे असूनही तिला हाक मारू शकत नाही.

आता अडचणी. एकूण 65 प्रकरणं आहेत आणि मॉड बार्ट्रम-हॉला पोचते 31व्या प्रकरणात. म्हणजे ज्या घरासाठी आपण पुस्तक उघडलं ते निम्म्या वाटेवर लागतं. नोलमधला भाग वाया गेलेला नाही, मादामची सगळी पेरणी तिथेच आहे. पण कॅप्टन ओकलीसारख्या सोयरिकीच्या उमेदवारांची प्रकरणं सैल आहेत आणि ती भरभर वाचली तरी काही निसटत नाही. ‘तेव्हा मला कुठे ठाऊक होतं’ अशा धाटणीच्या आगाऊ सूचना अती झाल्या आहेत. कादंबरी मासिकात क्रमशः येत होती, पुढच्या अंकापर्यंत वाचक धरून ठेवायचा होता, म्हणून त्या आल्या हे उघड आहे. सलग वाचताना त्या खुपतात. लॉर्ड इलबरी हा चांगला तरुण इतका बेताचा रंगवलाय, की तो खोलीत आहे हेही विसरायला होतं. शेवटच्या थरारानंतरचा उपसंहारही घाईचा आहे.

बार्ट्रममध्ये शिरल्यावर मात्र पकड सुटत नाही. अंगणात गवत माजलंय, अर्ध्याहून जास्त खिडक्यांची दारं बंद, म्हातारी वायट किल्ल्यांचा जुडगा सांभाळून. रानाच्या कुंपणातलं फाटक कुलूपबंद, आणि तिथली मुलगी मालकाच्या लेकीलाही वाट द्यायला तयार नाही. तेव्हा हे गावंढळपण वाटतं. मग एकेक वाट बंद होत जाते, आणि प्रत्येक वेळी काकांकडे पटण्यासारखं कारण असतं. कोंडी इतक्या सभ्यपणे आवळत नेलेली फार थोड्या कादंबऱ्यांत सापडेल. सायलसची मुलगी मिली या सगळ्यात जीव ओतते. रांगडी, अशिक्षित, बापाला घाबरणारी आणि मॉडवर जीव टाकणारी.

मिलीची डर्बीशरची बोली आणि मादामचं मोडकं इंग्रजी डोळ्यांनी वाचताना अडखळायला होतं. ती वाक्यं मोठ्याने म्हणावीत, अर्थ आपोआप लागतो. मादाम ‘चाइल्ड’ शब्द ओढून म्हणते, तो छापील पानावर वेगळाच दिसतो. बाकी इंग्रजी जुनं असलं तरी वाक्यं सरळ आहेत. व्हिक्टोरियन काळातल्या इतर जाडजूड कादंबऱ्या वाचलेल्यांना काहीच जड जाणार नाही.

प्रत कोणती घ्यावी? हक्क कधीच संपले असल्याने प्रोजेक्ट गुटेनबर्गवर पूर्ण मजकूर फुकट मिळतो. त्यात टिपा नाहीत, आणि स्वीडनबोर्गचे संदर्भ व फ्रेंच तुकडे यांच्यासाठी टिपा उपयोगी पडतात. त्यासाठी पेंग्विन क्लासिक्सची प्रत बरी. तिची प्रस्तावना मात्र कादंबरी संपल्यावरच वाचावी, अभ्यासकांच्या प्रस्तावना शेवट फोडूनच पुढे जातात. मुखपृष्ठावरचा मजकूरही टाळलेला उत्तम. लेखकाचं स्वतःचं छोटं निवेदन सुरुवातीला वाचायला हरकत नाही. आपल्या पुस्तकाला ‘सेन्सेशन’ (गुन्हे आणि गुपितांवर चालणारी सनसनाटी) कादंबरी म्हणू नये, ऐतिहासिक कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या परंपरेत धरावं, अशी विनंती त्यात आहे. त्याच निवेदनात ले फानू आपल्या एका जुन्या, पंधराएक पानांच्या कथेचा उल्लेख करतो. ती 1838 साली ‘डब्लिन युनिव्हर्सिटी मॅगझीन’मध्ये आली होती आणि आयर्लंडमध्ये घडते. कादंबरी इंग्लंडमध्ये हलवली, कारण प्रकाशक बेंटलीला इंग्रजी पार्श्वभूमीची आणि आधुनिक काळातली गोष्ट हवी होती. बंद खोलीतल्या मृत्यूचं कोडं त्या कथेत आहे, म्हणजे एडगर ॲलन पोच्या 1841 सालच्या प्रसिद्ध कथेच्या तीन वर्षं आधी. रहस्यकथेच्या इतिहासात रस असेल तर ती जरूर मिळवावी, पण कादंबरीनंतरच. कारण खोलीचं कोडं तिथेही तसंच सुटतं, आणि एकदा ते कळलं की बार्ट्रममधल्या त्या बंद खोलीच्या खिडकीकडे आपण निर्धास्तपणे पाहू शकत नाही.