पुढच्या पायाने लंगडणारा घोडा: नर्व्ह ब्लॉक की थेट सांध्यात भूल?

घोडा लंगडतोय, नाल काढून बघितली, चिमट्याने खूर दाबून बघितला, काहीच सापडत नाही आणि डॉक्टर म्हणतात ब्लॉक करून बघू, म्हणजे पायाचा एखादा भाग बधिर करून लंगडणं थांबतं का ते बघू. मग भूल नसेजवळ द्यायची की सांध्यातच? आमच्या मारवाडी घोडीवर दोन्ही करून घेतलंय, म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

नर्व्ह ब्लॉक सोपा पडतो हे खरंय. टाचेच्या वर दोन्ही बाजूंना दीड-दोन मिली लिग्नोकेन (भुलीचं औषध) पुरतं, खर्च कमी, तबेल्यातच उरकतं. दुखणं खुरात आहे का वर, एवढंच बघायचं असेल तर सुरुवात यानेच करावी असं मलाही वाटतं.

पण वर सरकायला लागलं की माझी चिडचिड सुरू झाली. हे ब्लॉक खालून वर असेच करावे लागतात, कारण वरची नस बधिर केली की तिच्या खालचं सगळंच बधिर, मग खालचं परत तपासायचं तर भूल उतरायची वाट बघा, म्हणजे बहुतेक दुसरा दिवसच. आमच्या घोडीला टाचेच्या ब्लॉकने काही फरक नाही, त्याच्या वरच्या ब्लॉकने किंचित, आणि फेटलॉकच्या (खुराच्या वरच्या मोठ्या सांध्याच्या) वर दिला तर एकदम सरळ दुलकी. सगळे खूश, पण कळलं काय? फेटलॉकचा सांधा, मागची सेसमॉइड हाडं, लिगामेंट, सगळंच एका भुलीत गप्प झालेलं, त्यातलं दुखतंय कोणतं ते कोण सांगणार! शिवाय प्रत्येक टप्प्याला नव्या सुया, शेवटी ती पायाला हातच लावू देईना आणि बिथरलेल्या घोडीची चाल काय वाचणार.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी फक्त फेटलॉकच्या सांध्यात दहा मिलीच्या आसपास भूल दिली. थोड्या वेळात दुलकीला काढली तर दुखरा पाय टेकताना डोकं वर उडायचं ते जवळजवळ थांबलं. मग त्याच सांध्याचे एक्स-रे वेगवेगळ्या कोनातून काढले आणि हाडाचा बारीक तुकडा दिसला. सांध्यांना तो खालून वरचा क्रमही पाळावा लागत नाही, संशय असेल तिथे आधी जाता येतं, माझ्यासाठी तिथेच पारडं झुकलं.

सांध्यात सुई म्हणजे स्वच्छतेत जराही ढिलाई नको, आत जंतू गेले तर लंगडण्यापेक्षा मोठं संकट. नीट स्क्रब, मग स्पिरिट, निर्जंतुक हातमोजे, लिग्नोकेनची नवीकोरी बाटली. पावसाळ्यात आमच्या नाशिकजवळच्या मखमलाबादकडे तबेल्यात चिखल असतो, तिथे मी तरी करू देणार नाही, कोरडी फरशी बघा. सुईच्या जागी जखम किंवा सूज असेल तर नकोच. आणि फ्रॅक्चरची शंका असेल तर आधी एक्स-रे, कुठलाच ब्लॉक नाही, दुखणं गेलं की घोडा पूर्ण भार टाकतो आणि चिरलेलं हाड सरकू शकतं.

खुराच्या आतल्या सांध्याचं मात्र एवढं स्वच्छ उत्तर मिळत नाही. तिथली भूल नॅव्हिक्युलर या खुरातल्या छोट्या हाडाच्या भागालाही लागते, औषध जास्त गेलं तर तळव्यालाही, म्हणून पहिल्या पाच-दहा मिनिटांतच चाल बघून घ्यायची. गुडघ्यात मधला आणि खालचा सांधा आतून जोडलेले, वरचा वेगळा, म्हणजे तिथे दोनदा सुई लागू शकते. हाडातलंच दुखणं असेल तर सांध्यातल्या भुलीने पूर्ण जात नाही, अर्धा फरक पडला तरी तो फरकच धरा.

मला कोणी विचारलं तर सांगेन, टाचेचा नर्व्ह ब्लॉक आधी, त्याने फरक नाही पडला तर वर चढत बसू नका, डॉक्टरांना संशय असलेल्या सांध्याबद्दल विचारा. ब्लॉकच्या आधी आणि नंतर एकाच कडक, सपाट रस्त्यावर, एकाच माणसाच्या हातात, लगाम सैल ठेवून पळवा आणि मोबाईलवर शूट करा. गुंगीचं इंजेक्शन शक्यतो टाळायला सांगा, त्यानेही चाल बदलते.