बाइंड एकटा, की अनबाउंड-एनएसडीची जोडी?

नेम सर्व्हर, म्हणजे नावावरून मशिनचा पत्ता सांगणारा प्रोग्राम, निवडण्याआधी त्याच्याकडून कोणतं काम करून घ्यायचं ते ठरवा. बाहेरची नावं शोधून आणायची, कॅशमध्ये ठेवायची आणि ऑफिसातल्या मशिनना पुरवायची, हे रिझॉल्व्हरचं काम. आपल्या डोमेनच्या नोंदी सांभाळून जगाला अधिकृत उत्तर द्यायचं, हे ऑथॉरिटेटिव्ह सर्व्हरचं. १९८०च्या दशकात बर्कलीत जन्मलेला आणि आज आयएससी ही संस्था सांभाळत असलेला बाइंड ही दोन्ही कामं एकाच प्रोसेसमध्ये करतो. नेदरलँड्सच्या एनएलनेट लॅब्जने ती वाटून दिली: अनबाउंड रिझॉल्व्हर, एनएसडी ऑथॉरिटेटिव्ह.

ऑफिस लहान असेल आणि प्रिंटर, फाइल सर्व्हर, बिलिंगचं मशिन एवढ्यांनाच नावं द्यायची असतील, तर मी एकटा अनबाउंड घ्यायला सांगेन. त्याच्या सेटिंगमधल्या लोकल-डेटाच्या चार-सहा ओळींत भागतं, झोन फाइल (डोमेनच्या नोंदींची फाइल) लिहावीच लागत नाही. एक मात्र सांभाळा. अनबाउंड मुळात फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःच्याच मशिनच्या पत्त्यावर, ऐकतो आणि फक्त त्याच मशिनला उत्तर देतो. घाईत इंटरफेसची ओळ बदलली जाते, ॲक्सेस-कंट्रोलची राहून जाते, आणि सगळ्या ऑफिसला रिफ्यूज्ड, म्हणजे नकार, येऊ लागतं.

स्वतःचं डोमेन स्वतः चालवायचं असेल तर निवड अवघड होते. झोन फाइल बाइंडची आणि एनएसडीची एकाच धाटणीची, त्यामुळे तिच्यातल्या चुकाही त्याच. मी एकदा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूच्या सीनेम रेकॉर्डमध्ये (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे वळवणाऱ्या नोंदीत) पूर्ण नाव लिहिलं आणि शेवटचा डॉट राहिला. डॉट नसला की नावापुढे डोमेन पुन्हा जोडलं जातं. झोन फाइल तपासणाऱ्या बाइंडच्या नेमड-चेकझोनने ओके म्हटलं, साइट मात्र उघडेना. अर्धा दिवस फायरवॉल तपासण्यात गेला. शेवटी तोच चेकझोन मोठा डी लावून चालवला. त्याने अख्खा झोन पूर्ण नावांनिशी छापला आणि समोर आलं: वेब.एक्झाम्पल.कॉम.एक्झाम्पल.कॉम. तेव्हापासून ओके वाचून मी थांबत नाही. ती यादी नजरेखालून घालतो आणि मगच रीलोड करतो.

फरक कळतो बिघाड शोधताना. बाइंडकडून चुकीचं उत्तर आलं, तर ते झोनमधून आलं की कॅशमधून, हे डिग (नेम सर्व्हरला प्रश्न विचारायची कमांड) जे उत्तर दाखवते त्यातला एए फ्लॅग, म्हणजे अधिकृत उत्तराची खूण, पाहून ओळखावं लागतं. जोडीत दरवाजेच दोन. मी अनबाउंडला ५३ आणि एनएसडीला १२७.०.०.१ वर ५३०० पोर्ट देतो. ५३००ला विचारल्यावर उत्तर बरोबर आणि ५३ला चूक, म्हणजे झोन फाइलला हात लावायचं कारण नाही. रात्री अकराला फोन येतो तेव्हा एवढी खात्रीही फार मोठी असते.

जोडीचं दुखणं सांध्यात आहे. अनबाउंड स्वतःच्याच मशिनवरच्या सर्व्हरला विचारायला मुळात तयार नसतो. डू-नॉट-क्वेरी-लोकलहोस्ट ‘नो’ केल्याशिवाय स्टब-झोन (अमुक डोमेनचे प्रश्न अमुक सर्व्हरला विचार, असं सांगणारी सेटिंग) चालत नाही. आतल्या वापरासाठी स्वतःच ठरवलेलं डॉट-लॅनसारखं नाव असेल तर डोमेन-इन्सिक्योरची ओळही लागते, नाहीतर डीएनएसएसईसीची (नोंदींवरच्या डिजिटल सहीची) पडताळणी ते उत्तर नाकारते. असा सर्व्हफेल (उत्तराऐवजी येणारा बिघाडाचा संदेश) आला की डिगला प्लस-सीडी, म्हणजे ‘पडताळणी नको’, लावून पुन्हा विचारा. आता उत्तर आलं, तर अडलंय पडताळणीतच: ही ओळ राहिली असेल, सहीची मुदत संपली असेल किंवा मशिनचं घड्याळ चुकलं असेल. ही युक्ती बाइंडलाही लागू पडते. अनबाउंडमध्ये मात्र व्हॅल-लॉग-लेव्हल २ ठेवला की कारण लॉगमध्येच वाचायला मिळतं.

डोमेनवर सही करायची असेल तर बाइंडचं पारडं जड. ९.१६ पासून त्यात डीएनएसएसईसी-पॉलिसी आहे, किल्ल्या बनवणं-बदलणं तो स्वतः करतो. एनएसडी सही करतच नाही, त्यासाठी वेगळं साधन जोडावं लागतं. बाइंडमध्ये मला भीती वाटते ती एका ओळीची. कुणाचं तरी चालेना म्हणून अलाउ-रिकर्शनमध्ये (बाहेरची नावं कुणाला शोधून द्यायची, ते ठरवणाऱ्या ओळीत) ‘एनी’ लिहिलं, की तो सर्व्हर जगाला खुला झाला, आणि असे सर्व्हर दुसऱ्यांवर हल्ले चढवायला वापरले जातात. एनएसडीत रिकर्शनच नाही, म्हणून ही चूक करताच येत नाही.

दोहोंतला एकच घ्यायची सक्तीही नाही. मी बाइंड आत लपवून ठेवतो, सही तिथेच होते; बाहेर दोन एनएसडी त्याच्याकडून झोन ओढून घेतात. झोन बदलल्यावर सिरियल, म्हणजे झोनचा आवृत्ती क्रमांक, वाढवायला विसरलात तर बाहेरचे दोघे जुनंच उत्तर देत राहतील. आणि फायरवॉलमध्ये ५३ पोर्ट यूडीपीबरोबर टीसीपीलाही उघडा, कारण झोन टीसीपीवरूनच येतो.